परसातली होडी

डहाणूच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी पाहता पाहता मागे सरते आणि होड्या चिखलावर टेकतात. तेव्हा मसोलीतील आमच्या परसात जी बारा फुटी होडी बांधावयाची, तिचा तळ रुंद आणि सपाट असावा, एरवी ती प्रत्यही कुशीवर लवंडेल, हा पहिला निर्णय खाडीनेच देऊन टाकला. फळ्या सागाच्या घेतल्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ अद्यापि इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, याहून या लाकडाची निराळी ग्वाही कशाला हवी?

बरगड्यांसाठी मात्र मिस्त्रीकाकांनी बाभळीच्या वाकड्या फांद्या निवडल्या. घरबांधणीच्या सुताराने ज्या सरपणात टाकल्या असत्या, त्या ते एकेक उचलून फळीच्या गोलाईला लावून पाहत. “सरळ लाकूड वाकवलं, भाऊ, तर ते जन्मभर सरळ व्हायला बघतं,” ते म्हणाले, “हे झाडावरच वाकलंय.”

बैठकीची फळी आंब्याची. वडिलांनी लावलेले ते झाड फळेनासे होऊन चार वर्षे लोटली होती, तरी त्यावर करवत चालविण्याचा माझा धीर होईना. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी ताकीद आहे, तीत आंबे-फणस रयतेने लेकरांसारखे वाढविलेले असतात, त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झालेच, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच ते तोडावे, असे सांगितले आहे. आरमाराच्या निकडीतही ज्या राज्याला धन्याचा जीव दिसला, त्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. इथे धनी मीच होतो, आणि स्वतःला राजी करण्यात माझा सबंध पावसाळा गेला.

माझा डावा खांदा एका जुन्या दुखापतीपासून पुरता उचलत नाही. हे मी कोणास सांगितले नव्हते. पण रंधा मागताना मी नेहमी उजवाच हात पुढे करतो, हे काकांनी हेरले असावे. एके सकाळी त्यांनी मला उपड्या टोपलीवर बसविले, हाती वल्हे दिले, आणि वल्ह्याची मूठ व माझा खांदा यांमधले अंतर सुतळीने घेऊन त्या सुतळीला गाठ मारली. बैठक दोन बोटे वर चढली; डाव्या वल्ह्याची मूठ त्यांनी किंचित बारीक तासली.

सांध्यांत तेल-राळेत भिजविलेला कापूस ठोकून होडी पाण्यात सोडली, तरी पहिल्या दिवशी ती पाझरलीच. लाकूड फुगेपर्यंत थांबावयाचे होते. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला तळ कोरडा होता, आणि डावा हात वर न उचलता मुठीवर जाऊन बसला.