खेळातला मंत्र आणि बुवाचा मंत्र

मंत्र हा शब्द कानी पडला की आपल्या घरांतली जुनी माणसे सावध होतात, आणि ते योग्यच आहे. या शब्दाने पिढ्यान् पिढ्या आपल्याला लुबाडले. लिंबू, अंगारा, गंडा, उतारा यांच्यापायी कोंबडी गेली, पैसा गेला, आणि दवाखाना लांबणीवर पडल्यामुळे घरातले माणूसही गेले. पण बंधू-भगिनींनो, आज आम्ही लिहिणार आहोत ते निराळ्या मंत्रांविषयी. हे मंत्र खेळातले आहेत, आणि ते वापरावयास डोके लागते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी आणला. चार-पाच जण गोल बसून खेळतात. एक जण गोष्ट चालवितो; आमची पोरे त्याला ‘मास्तर’ म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी जादूगार. मास्तर विचारतो, ‘समोर बंद दार आहे, काय करता?’ पोरे सांगतात, आणि वीस बाजूंच्या फाशावर यश-अपयश ठरते. आमच्या भाच्याने हा खेळ पुण्याच्या वसतिगृहातून वढू बुद्रुकला आणला. मूळ नियम फुकट मिळतात. फासा नव्हता, तर पोरांनी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकली की हिशेब फाशासारखाच बरोबर राहतो.

या खेळातला प्रत्येक मंत्र छापील आहे. किती फुटांवर चालेल, किती वेळ टिकेल, दिवसात किती वेळा वापरता येईल, सारे लिहिलेले. पाण्याच्या साध्या मंत्राने सुमारे ३८ लिटर पाणी मिळते, म्हणजे दोन-अडीच हंडे, जास्त नाही. उजेडाचा मंत्र एखाद्या वस्तूला लावला की ती तासभर उजळते. पण हे मंत्र ज्या कामासाठी लिहिले आहेत त्यापलीकडे नियम न मोडता कसे वापरावेत, इथे खरी मौज आहे.

एकदा पोरांची पात्रे तळघरात अडकली. गुप्त दार जमिनीत असणार, पण सापडेना. आमच्या पुतणीचे पात्र जादूगाराचे नव्हे, वैद्याचे होते, आणि तिच्यापाशी पाण्याचा मंत्र होता. ती म्हणाली, ‘मी फरशीवर पाणी ओतते. जिथे मुरेल तिथे फट.’ अंगण धुणाऱ्या पोरीलाच हे सुचावे! दुसऱ्या दिवशी जुन्या विहिरीत उतरायचे होते. एकाने दगडाला उजेडाचा मंत्र लावून तो खाली सोडला, तळ दिसला. तेव्हा आमच्या शेजारचा मुलगा म्हणाला, ‘थांबा, जळता कंदीलही सोडा. मंत्राचा उजेड खराब हवेत विझणार नाही, कंदील विझेल. विझला तर उतरायचे नाही.’ विहीर उपसणाऱ्या माणसांचे हे जुने ज्ञान त्या पोराने आजोबांकडून ऐकले होते. मास्तर गप्पच झाला.

तरंगत्या थाळीचा एक मंत्र आहे. ती जमिनीपासून तीन फुटांवर तरंगते आणि सुमारे सव्वादोनशे किलो ओझे उचलते. पुस्तकात ती ओझे वाहण्यासाठी आहे. पोरांनी तिच्यावर पाय मोडलेल्या सोबत्याला झोपविले. निसरड्या चरबीचा मंत्र शत्रूला पाडण्यासाठी आहे. पोरांनी तो जड शिळेखाली वापरला आणि शिळा ढकलली. मास्तर म्हणाला, ‘पुस्तकात शिळेचे लिहिलेले नाही, पण चिठ्ठी काढा.’ १७ आली. त्या संध्याकाळी एकालाही तलवार काढावी लागली नाही.

आमच्या आईला मात्र हे रुचले नाही. ती म्हणाली, ‘तुझ्या आज्यानं देव भीमंत सोडले, आन् तू पोरांच्या हाती मंतर देतो व्हय?’ प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेतही १९८० च्या दशकात काही धार्मिक मंडळींनी हा खेळ पोरांना चेटूक शिकवितो अशी ओरड केली होती. त्यांची भीती अशी की सैतान खरोखर येईल. आईची भीती निराळी: आपण जे खोटे म्हणून टाकले, ते खेळाच्या दारातून परत येईल.

आम्ही आईला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बुवा आपल्या मंत्राची मर्यादा कधीच सांगत नाही. गुण आला तर मंत्राचा, नाही आला तर तुझी श्रद्धा कमी. खेळातल्या मंत्राचे नियम सर्वांपुढे उघडे असतात. पोर अडवून विचारू शकते, ‘हे कुठे लिहिले आहे?’ हा प्रश्न ज्याच्या अंगी मुरला, त्याला बुवा फसवू शकत नाही.

दुसरी गोष्ट मंत्राच्या साहित्याची. आगीच्या गोळ्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते. त्या विष्ठेपासून सोरा मिळतो, आणि सोरा व गंधक हे बंदुकीच्या दारूतले घटक. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी लागते. ती घासली की स्थिर वीज तयार होते. लिहिणाऱ्याने गंमत म्हणून मंत्रात विज्ञान लपविले आहे. बुवाही हेच करतो, फक्त सांगत नाही. आम्ही वस्तीत प्रयोग दाखवितो तेव्हा पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओततो. थोड्याच वेळात काडी न ओढता जाळ होतो. मग दोन्ही बाटल्या लोकांपुढे ठेवतो. (हा प्रयोग मोठ्यांनीच, उघड्यावर करावा.) आईने बाटली हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, ‘एवढंच व्हय!’

दीघनिकायाच्या केवट्ट सुत्तात चमत्कार दाखवा असा आग्रह धरणाऱ्याला भगवान बुद्धांनी नकार दिला. शंका घेणारा म्हणेल, ही तर गांधारी नावाची विद्या आहे. म्हणून उपदेशाचा चमत्कारच त्यांनी श्रेष्ठ मानला. आपल्या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा झाला. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसविणे आज गुन्हा आहे. खेळणारे पोर असा दावा करीत नाही. ते म्हणते, ‘समजा.’

आम्ही कारकून माणसे. नियमाचे पुस्तक आम्ही रोज हाताळतो. तोच नियम दाखवून एक कारकून म्हातारीचा अर्ज परत पाठवितो, आणि दुसरा त्याच नियमातला ‘किंवा’ हा शब्द वाचून अर्ज पुढे सरकवितो. नियम मोडला कोणीच नाही. दुसऱ्याने तो माणसासाठी वाचला. पोरे खेळात नेमके हेच शिकतात.

आणखी एक सांगतो. आमच्या गावाचे नाव २०१८ च्या जानेवारीपासून वर्तमानपत्रांत कशासाठी येते, हे वाचकांस सांगावयास नको. या खेळाला आपली दोन आणि गावठाणातली दोन पोरे बसतात. एकटा जादूगार अंगाने दुबळा असतो, योद्ध्याला मंत्र येत नाही. एकमेकांवाचून कोणी दारापर्यंतही पोहोचत नाही. त्यांच्या आया आता चहा आळीपाळीने पाठवितात.

तेव्हा आई-वडिलांना विनंती. पोराने मंत्राचा खेळ मांडला तर वही फाडू नका. जवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा: याची मर्यादा काय? कुठे लिहिली आहे? आणि याने दुसऱ्याचे कोणते काम होईल? हेच तीन प्रश्न दारात आलेल्या बुवालाही विचारता येतात. तो उत्तर देत नाही, निघून जातो.

जयभीम.