आधी ईसीजी, मग टी-शर्ट

चि. ओंकार यास,


तू पाठवलेली देणगीची लिंक मिळाली. मित्राच्या धाकट्या भावाच्या नावाने तुम्ही सगळे लंडनच्या पुलांवरून चालणार, हे वाचून बरं वाटलं. पैसे पाठवते. पण मावशी अटीशिवाय काही देत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. अट शेवटी सांगते.

या चालण्याच्या दिवशी मी पाणी वाटायला उभी असते. पिवळं ऊन असो की भुरभुर पाऊस, माणसं येतातच. प्रत्येक घोळक्याच्या टी-शर्टवर एका पोराचा फोटो असतो. कुणी रग्बीच्या कपड्यांत, कुणी पदवीदानाच्या झग्यात, कुणी कुत्र्याला मिठी मारून. खाली नाव आणि दोन सालं. पाण्याची बाटली देता देता मनात वजाबाकी होतेच, आणि उत्तर एकोणीस येतं, बावीस येतं. पण कुणी रडत नसतं बरं का. आई सँडविच वाटत असते, भावंडं एकमेकांची टर उडवत असतात.

हे सगळं घडवून आणणारी संस्था ‘कार्डिअ‍ॅक रिस्क इन द यंग’. अ‍ॅलिसन कॉक्स यांनी ती 1995 साली सुरू केली. संस्थेच्या म्हणण्यानुसार ब्रिटनमध्ये दर आठवड्याला पस्तिशीच्या आतली किमान 12 धडधाकट दिसणारी माणसं हृदयाच्या न कळलेल्या दोषामुळे अचानक जातात. बहुतेकांना आधी काहीच जाणवलेलं नसतं. हा आपल्या आजोबांसारखा रक्तवाहिनी तुंबून आलेला झटका नव्हे. कुणाच्या हृदयाचा स्नायू जनुकातल्या जन्मजात दोषामुळे जाड होत जातो, तर कुणाची रचना उत्तम असते पण ठोक्यांचं विजेचं चक्र बिघडलेलं असतं.

आता तुम्ही जमवलेल्या पैशांचं काय होतं ते ऐक. गेलेल्या मुलाच्या नावाने निधी निघतो आणि त्यातून बऱ्याचदा त्याच्याच गावात, त्याच्याच शाळेत किंवा क्लबात तपासणीचा दिवस ठरतो. 14 ते 35 वयाच्या कुणालाही फुकट. आधी एक फॉर्म: खेळताना कधी चक्कर आली का? छातीत दुखलं का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? मग शर्ट काढून आडवं व्हायचं. छातीवर, हातापायांवर गार चिकटपट्ट्या, पाच-दहा मिनिटांत ईसीजीचा कागद हातात. शंका आली तर सोनोग्राफीसारखी इको. संस्था सांगते, साधारण 300 जणांमागे एकाला जिवावर बेतू शकेल असा दोष सापडतो.

तू विचारशील, मग हे सरकारच का करत नाही? अशा तपासण्यांबाबत सल्ला देणाऱ्या इथल्या राष्ट्रीय समितीने सरसकट तपासणीची शिफारस केलेली नाही. ईसीजीतून काही दोष निसटतात आणि काही निरोगी पोरांना उगाच घोर लागतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तपासणी सक्तीची आहे, आणि तिथल्या वेनेतो प्रांतात खेळाडूंचे असे मृत्यू 89 टक्क्यांनी घटल्याचं 2006 च्या अभ्यासात दिसलं. वाद तज्ज्ञांनी घालावा. तोवर खर्च पोरं गमावलेल्या आईबापांनी चालून, केक विकून उभा करायचा, हे मला पटत नाही.

तपासणीने सगळं भागत नाही, हेही खरं. फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बाची तपासणी झालेली होती, तरी मार्च 2012 मध्ये तो मैदानातच कोसळला. 78 मिनिटं हृदय बंद होतं. छाती दाबणारे हात थांबले नाहीत, शॉक देत राहिले, म्हणून तो वाचला. शॉकचं यंत्र इथे जुन्या लाल टेलिफोन खोक्यांतसुद्धा ठेवलेलं असतं. तुझ्या मैदानापासून सगळ्यात जवळचं कुठे आहे, बघून ठेव.

आणि एक घरचं. आपल्याकडे “झोपेतच गेला, नशीबवान” म्हणून विषय मिटतो. पट्टीचा पोहणारा विहिरीत बुडाला की लोक जागेला दोष देतात. ठोक्यांच्या एका आनुवंशिक दोषात नेमकं पोहतानाच हृदय दगा देऊ शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. असे बरेच दोष आईबापांकडून मुलांत उतरतात, तेव्हा एकाचं निदान झालं की भावंडांचीही तपासणी लागते. म्हणून आईला फोन करून दोन्हीकडच्या नात्यांत चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं ते विचार आणि लिहून ठेव. ती आधी “शुभ बोल रे नाऱ्या” म्हणेल. नेट लाव.

तर अट ही: चालायच्या आधी तपासणीची वेळ घे, आणि तुझ्या बॅडमिंटनच्या सगळ्या टोळक्याला घेऊन जा. छाती कशी दाबायची तेही शिकून घे: मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. टी-शर्ट घालून पूल ओलांडणं सोपं आहे. त्या फोटोतल्या मुलाला जी दहा मिनिटं कुणी दिली नाहीत, ती तू स्वतःला दे. अपॉइंटमेंटचा मेसेज दाखव, त्याच संध्याकाळी पैसे जमा करते.

तुझी,
मावशी