मलाशयाच्या ऑपरेशननंतर संडासचा त्रास: “बरं आहे” म्हणून गप्प बसू नका

कॅन्सर निघाला, रिपोर्ट चांगला आला, पोटावरची तात्पुरती पिशवीही बंद झाली. घरचे म्हणतात, देवाची कृपा. तुम्ही मात्र सकाळी संडासला जाऊन येता, जरा टेकता आणि पंधरा मिनिटांत पुन्हा उठता. असं चार-पाच वेळा. कुठे जायचं ठरलं की पहिला विचार, तिथे संडास कुठे असेल?

आणि तपासणीला आलात की हे सांगत नाही. “कसं आहे?” विचारलं की “बरं आहे.” खरी हकीकत बऱ्याचदा बरोबर आलेली बायको किंवा मुलगी सांगते, तीही जाता जाता दारातून मागे वळून. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यापुढे ही कसली तक्रार, असा संकोच असतो. मनात दुसरी भीतीही असते: कॅन्सर परत तर आला नसेल ना?

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण 12 ते 15 सेंटिमीटरचा भाग. मळ आला की तो सैल होऊन साठवून घेतो, आत वायू आहे की मळ हे ओळखायला मदत करतो, आणि सोयीची वेळ येईपर्यंत तुम्हाला थांबू देतो. ऑपरेशनमध्ये तो पूर्ण किंवा बराचसा काढून वरचं आतडं खाली जोडतात. त्या आतड्याला पुढे ढकलायची सवय, साठवायची नाही. टाकी काढून नुसता पाइप जोडल्यासारखं होतं. जोड फार खाली असेल किंवा रेडिएशन झालं असेल तर त्रास जास्त.

या त्रासाला नाव आहे: लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात ‘लार्स’. तो मोजताही येतो. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये पाच प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वायू रोखता येतो का, पातळ शौच नकळत होते का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि धावत जावं लागेल इतकी घाई होते का. गुण 0 ते 42; तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे त्रास तीव्र. “बरं आहे” यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, आकड्यावरून कळतं.

पहिल्या वर्षात बऱ्याच जणांना हळूहळू फरक पडतो, काहींना दोन वर्षांपर्यंत. पण म्हणून तोवर नुसतं सोसत बसायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी सवय म्हणजे खाणंच बंद करणं. लग्नाला जायचंय, एसटीने जायचंय, म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी. माझ्या मते याने फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो. अशक्तपणा येतो, आणि मग मांडवात एकदम भरपेट जेवलात की आतडं जोरात हलतं. त्यापेक्षा थोडं थोडं, ठरलेल्या वेळी खा. सकाळचा चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं ढकलायला लागतं, हा शरीराचा नियमच आहे. तो वापरून घ्या: निघायच्या दोन-तीन तास आधी चहा-नाश्ता उरका. मिसळ, पावटे, कच्चा कांदा, कडक कॉफी, दारू यांतलं तुम्हाला काय बाधतं ते वहीत टिपून ठरवा. शेजाऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही.

इसबगोल तुम्हाला बद्धकोष्ठाचं औषध म्हणून माहीत असेल. इथे ते उलट्या कामासाठी, मळ घट्ट बांधण्यासाठी देतात. म्हणून पाणी कमी, किंवा दह्यात कालवून. कोरडं मात्र कधी गिळू नका, घशात अडकतं. लोपेरामाइडची 2 मिलिग्रॅमची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर चांगली लागू पडते, पण किती आणि कधी ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर ती गोळी घ्यायचीच नाही. आधी फोन करा.

वायू रोखताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच स्नायू आवळा, पाचेक सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ताणायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही. चार दिवसांत गुण येणार नाही, दोन-तीन महिने द्या. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतलेलं उत्तम.

जागा हुळहुळी झाली असेल तर साबण आणि जंतुनाशक बंद. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

एवढ्यानेही भागलं नाही तर गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत आहे. एकदा नीट रिकामं झालं की अनेकांना पुढचे बरेच तास निवांत मिळतात. पण जोड पूर्ण भरल्याची खात्री सर्जनने केल्यावरच, आणि शिकवणाऱ्या नर्सच्या देखरेखीखाली. घरच्या एनिमाने प्रयोग करू नका.

सगळं करूनही काही जण शेवटी कायमची पिशवी मागून घेतात. नातेवाइकांना वाटतं, एवढं करून पुन्हा पिशवीच? माझं मत वेगळं आहे. घरात अडकून पडलेला माणूस पिशवी लावून बाजारात, देवळात, नातवाच्या शाळेत जाऊ लागत असेल, तर तो त्याचा निर्णय आहे आणि योग्य असू शकतो.

नव्याने रक्त पडू लागलं, कारण नसताना वजन उतरलं किंवा बसलेली घडी अचानक बिघडली, तर ‘लार्स’च असेल असं घरी ठरवू नका, लगेच दाखवा. एरवी पुढच्या तपासणीआधी आठवडाभर रोज लिहा: किती वेळा, रात्री उठावं लागलं का, कपडे खराब झाले का, काय खाल्लं होतं. लघवीचा किंवा वैवाहिक संबंधांतला त्रास असेल तर तोही लिहा; त्या नसा याच भागातून जातात. तोंडाने सांगायला लाज वाटली तर वही नुसती टेबलावर ठेवा.