पेरलेलं तण

आमच्या विष्णुपुरीत, विद्यापीठाच्या अलीकडच्या वसाहतींत, अंगणं ठरल्यासारखी: जास्वंद, मोगरा, फाटकावर बोगनवेल. मला तिथं कुर्डू हवं होतं. ज्वारी-मुगाच्या रानात हे गुलाबी-पांढरे तुरे पूर्वी हवे तेवढे दिसायचे. मग सोयाबीन आलं, त्यामागोमाग तणनाशक आलं आणि कुर्डू बांधाला लागलं.

त्याचं बी धरणं सोपं. तुरा खालून वर पिकत जातो. शेंड्याला गुलाबी रंग असतो तेव्हा बुडाचं बी तयार झालेलं असतं. तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची. फोलपट उडतं आणि मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत बी हातात राहतं. तेरड्याचं बोंड मात्र नुसत्या धक्क्यानं तडकतं, म्हणून ते अख्खं मुठीत धरायचं. आतच फुटतं, तळव्याला गुदगुल्या होतात. टाकळ्याचं बी म्हणजे दगड. रात्री गरम पाण्यात टाकायचं आणि सकाळी फुगलेलं तेवढं पेरायचं.

इथली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बारीक बी त्यात गेलं की गेलंच. म्हणून मृगाच्या पावसानं भेगा मिटू दिल्या. बी राखेत मिसळून फेकलं, वरून माती न ओढता फळीनं नुसतं दाबलं. खत घातलं नाही, त्यानं पालाच माजतो.

खरी कसरत खुरपणीची. गाजरगवतही त्याच पावसावर उठतं. 1955-56च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे परदेशी तण आमच्या अंगणात घरच्यासारखं वावरतं. कुर्डूचं पान अरुंद, बिनकातरीचं, गाजरगवताचं कातरलेलं. शेजारणीला दोन्ही सारखीच वाटायची. "साप येतील," म्हणायच्या. कामाच्या मावशींना ओळख पटायला क्षणही लागला नाही.

"बाई, आमी रानात हे खुरपून खुरपून बेजार होताव, अन् तुम्ही पेरायलाव?"

पण दाटी झालेली कोवळी रोपं त्यांनीच उपटली आणि पदरात बांधून भाजीला नेली. विरळणी फुकटात झाली. दुसऱ्या दिवशी भाजी चाखायलाही मिळाली. लसूण-मिरचीवर परतलेली, पालकापेक्षा मला बरी वाटली.

तेरडा महालक्ष्म्यांच्या वेळी फुलला. त्याचा रंग तीन दिवसांचा असं म्हण म्हणते, पण एक फूल गळलं की दुसरं उमलत होतं. सणानंतरही बरेच दिवस झाड रंगलेलं राहिलं. टाकळ्यावर फिक्या पिवळ्या फुलपाखरांनी अंडी घातली आणि हिरव्या अळ्यांनी पानांची चाळण केली. फवारा काढला नाही. टाकळा लावला होता तो त्यांच्यासाठीच. कुर्डू नवरात्राच्या आसपास भरात आलं, तेव्हा साप म्हणणाऱ्या शेजारीणबाईंनीच देवासाठी तुरे मागून नेले.

पुढच्या वर्षी कुर्डू पेरावं लागलं नाही. फरशीच्या सांध्यातूनसुद्धा आलं. ते मी राहू देते. टाकळ्याच्या शेंगा मात्र वाळायच्या आत कापते, नाहीतर मोगऱ्याच्या आळ्यातही तोच.