वहीतलं क्लोरीन आणि लेकराची शू

पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात लहान मूल असेल तर वाचाच.

लेकराला जुलाब लागले की संडास किती वेळा झाली ते आपण मोजतो. शू शेवटची कधी झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या भाच्याला रक्ताचे जुलाब झाले. पाचव्या दिवशी जुलाब थांबले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण पोरगं पांढरंफटक दिसायला लागलं, डोळ्यांखाली सूज आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शू कधी केली होती?" आदल्या रात्रीपासून नव्हती. त्यांनी लगेच पुढे पाठवलं. नऊ दिवस पोटातून डायलिसिस चाललं. आता शाळेत जातोय, पण बीपी आणि लघवीची तपासणी अजून चालू आहे.

या आजाराला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. ई. कोलायच्या काही जाती आणि शिगेलाची एक जात असं विष सोडतात, की किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि किडनी बंद पडते. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त. म्हणून रक्ताच्या जुलाबात मनाने जुलाब थांबवायची गोळी नाही, अँटिबायोटिक नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

आता गावाचं बोलू. कॅनडात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि शेणखतातले जंतू गावाच्या विहिरीत उतरले. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ दगावले, २७ जणांना हाच किडनीचा आजार झाला. चौकशीत काय निघालं? पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतंच, पण वहीत आकडे रोज व्यवस्थित भरलेले होते. न मोजता!

वही आपल्याही ग्रामपंचायतीत आहे. जलसुरक्षक आहे, टीसीएल पावडर आहे, ओटी टेस्टची बाटली आहे. आणि पाइपलाइन कित्येक ठिकाणी गटारातून जाते, हे तुम्ही रोज बघता.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे: वही दाखवू नका. गावातल्या शेवटच्या नळावर चला, आमच्यासमोर टेस्ट करा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही.

कोण कोण येतंय?