भरलेला डबा

बालगृहातल्या मुलाच्या उशीखाली भाकरीचा तुकडा सापडला की तोंडात पहिला शब्द येतो ‘चोरी’. रत्नागिरीत समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याही वहीत तोच शब्द होता.

हाताशी होता चांदण्यांचा तक्ता. चांगलं वागलं की चांदणी, चांदण्या साठल्या की बक्षीस. आयलॉन आणि अझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात ही पद्धत बसवली होती. बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाकडे भाकरी सापडली, मी त्याच्या तीन चांदण्या काढल्या. रात्रीत तक्ता फाटला. घर सुटलेल्या मुलाकडून मी आणखी काहीतरी काढून घेतलं होतं.

मी पाचला घरी जाते. मुलांची रात्र बघतात ते काळजीवाहक काका. कॅन्ससमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ‘अचीव्हमेंट प्लेस’ या मुलांच्या निवासगृहात प्रशिक्षित जोडपं मुलांसोबतच राहायचं, ते उगीच नव्हे. मी काकांच्या रजिस्टरात तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, मुलाने काय केलं, मग काय झालं. पंधरा दिवसांत उत्तर समोर आलं. पावसात लाईट गेली, किंवा भेटीच्या दिवशी कुणी आलं नाही, की त्या रात्री भाकरी उशीखाली.

कोकणात पावसाळ्याआधी घरोघर आगोटीची बेगमी होते. सुकी मासळी, कोकमं, कडधान्यं भरून ठेवतात. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. हा मुलगाही बेगमीच करत होता.

त्याला झाकणाचा स्टीलचा डबा दिला. कुरमुरे, शेंगदाणे, थोडा गूळ. वागणं कसंही असो, डबा रोज संध्याकाळी भरायचा. तक्ता पुन्हा लावला, तो मुलांना विचारून. मिळालेली चांदणी परत घ्यायची नाही. जेवण, घरचा फोन, भेट हे मुलांचे हक्क. ते तक्त्यावर कधीच येणार नाहीत. उपचार पुस्तकातलाच राहिला, पण त्याची सुरुवात बक्षिसाऐवजी भरवशापासून झाली.

दीडेक महिन्यानंतरची एक नोंद काकांच्या अक्षरात आहे. पहिल्या रकान्यात: ‘लाईट गेली.’ दुसऱ्यात: ‘डबा उघडून बघितला. झाकण लावलं.’ तिसऱ्यात: ‘झोपला.’