भाग ‘ब’वर सही कोण करणार?

विषय कोर्टातला आहे, पण दोन मिनिटं काढून वाचा. उद्या तो तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधलं रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपचे मेसेज, सीसीटीव्हीचं फुटेज यांची प्रत पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. फाइलमध्ये इकडचं तिकडे झालं की ठसा बदलतो. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) म्हणतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

कायदा चांगलाच आहे. पण मी तालुका कोर्टात वकिली करतो आणि आमच्याकडे भाग ‘ब’वर सही करणारा माणूस शोधायला जिल्ह्याला, कधी पुण्याला जावं लागतं. नवऱ्याच्या धमकीचं रेकॉर्डिंग घेऊन आलेल्या बाईला मी काय सांगू? ताई, पुरावा आहे, पण आधी तज्ज्ञाच्या फीची सोय करा?

मग असे तज्ज्ञ तयार कुठे होतात? गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २००९ साली ते गुजरात सरकारचं होतं, २०२० मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय केलं. गोव्यातही त्याचा कॅम्पस आहे. डिजिटल फॉरेन्सिकची एम.एस्सी. तिथे होते. आपल्याकडे मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. म्हणजे दारं आहेत. अडतं ते पैशापाशी.

आमच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टायपिंग करणारे एक गृहस्थ आहेत. हीच प्रमाणपत्रं पानामागे काही रुपये घेऊन ते टाइप करतात. त्यांची मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर, पहिल्या वर्गात पास. बाबांचे कागद वाचून वाचूनच तिला या विषयाची गोडी लागली. गेल्या वर्षी राज्याबाहेरच्या एका संस्थेत तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी, हॉस्टेल, मेस मिळून दोन वर्षांचा आकडा वडिलांच्या कमाईच्या कितीतरी पुढे. मी सोबत बँकेत गेलो. नियमाप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तरी साहेबांनी विचारलं, “वडिलांचे तीन वर्षांचे रिटर्न? सातबारा?” लिंबाखाली बसणाऱ्याचं रिटर्न कुठलं हो? खेटे घालण्यात फी भरायची तारीख निघून गेली. पोरगी आता पुण्यात एका कंपनीत रात्रपाळीला फोन घेते. म्हणते, “काका, पैसे साठवते, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरते.”

कोणी म्हणेल, स्टायपेंड असतो की! असतो, पण कोणाला ते बघा. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेत गेट पास होऊन एम.टेक. करणाऱ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. एम.एस्सी.वाल्याला ते लागू नाहीत. आणि साध्या बी.एस्सी.वर एम.टेक.ला सहसा घेत नाहीत. म्हणजे इंजिनिअरिंगची फी ज्याला आधी परवडली, त्यालाच पुढे मदत! केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलतही मिळू शकते. चांगलंच आहे. पण कर्ज ते कर्जच.

अमेरिकेत सायबरकोर नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. सायबर सुरक्षा शिकणाऱ्याची फी सरकार भरतं, वर खर्चाला पैसे देतं. जितकी वर्षं शिष्यवृत्ती, तितकी वर्षं सरकारी नोकरी करायची. नाही केली तर ती रक्कम कर्ज म्हणून फेडायची. आपल्याला हे परकं नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांकडून आपण एक वर्षाचा बॉण्ड घेतोच ना? तसंच इथे करा. दर जिल्ह्यातून दरवर्षी दोन-तीन मुलं निवडा, त्यांची फी आणि मेस सरकारने भरावी, बदल्यात त्यांनी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा प्रयोगशाळेत काम करावं. अट एकच, पदं आधी मंजूर हवीत. नाहीतर बॉण्ड लिहून दिलेली मुलं नोकरीची वाट बघत बसतील.

ज्यांची मुलं यंदा फॉर्म भरणार आहेत त्यांना एक विनंती. जाहिरातीवर जाऊ नका. संस्थेत जाऊन विचारा: मान्यता कोणाची? लॅब खरंच चालते का? फीचे हप्ते मिळतील का? शिष्यवृत्ती लागू आहे का? उत्तरं लेखी घ्या. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा आणि कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा. बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा.

आणि आपल्या आमदारांना विचारा, आपल्या तालुक्यात भाग ‘ब’वर सही कोण करणार? पटलं तर पुढे पाठवा.